पांढुर्ण्यात मुकी, सौसरात बोलकी

परीक्षा घेण्यात माझी तीस वर्षे गेली. इंदूरच्या एका शाळेत भाषा शिकविणे आणि वर्षाकाठी दोनदा पेपर तपासणे हा माझा धंदा होता. त्यामुळे कोणत्या मुलाला किती येते हे आपल्याला पाहताक्षणी कळते, असा एक अहंकार मनात घर करून राहिला होता. २०२४ सालच्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने माझ्या मावसबहिणीकडे पांढुर्ण्याला जाण्याचा योग आला, आणि तेथे एका नऊ वर्षांच्या मुलीने तो अहंकार उतरविला. ही मुलगी तोंडाने एकही शब्द बोलत नाही. हे कसे घडले, ते वाचकांना सांगावेसे वाटते.

मध्य प्रदेशातले मराठीपण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे होळकर-शिंद्यांची शहरे उभी राहतात. पांढुर्णा आणि सौसर ही त्या मानाने अपरिचित गावे. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. १९५६ साली राज्यांची नवी मांडणी झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि ही गावे मध्य प्रदेशात राहिली. पुढे कित्येक वर्षे ती छिंदवाडा जिल्ह्यात होती. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. सभोवार संत्र्यांचे बगीचे आणि कापसाची शेते, घरात नागपुरी वळणाची मराठी, आणि शाळेत व कचेरीत हिंदी. ही दोन भाषांची गोष्ट इंदूरच्या मराठी घरांना नवी नाही. पण या मुलीच्या बाबतीत ती कशी आडवी आली, ते पुढे येईलच.

आमची आक्का, म्हणजे माझी मावसबहीण, त्या मुलीची आजी. मुलीचे नाव मी येथे लिहीत नाही. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा होते आणि शरीराच्या हालचालींवरचा ताबा बिघडतो, असा हा विकार. हातपाय जसे स्नायूंनी चालतात तशी जीभ, ओठ, घसा आणि श्वासही स्नायूंनीच चालतात. त्यामुळे अशा काही मुलांना शब्द उच्चारता येत नाही. त्या मुलाला आतून किती समजते हे मात्र त्याच्या उच्चारावरून सांगता येत नाही. कोणाची बुद्धी मंद असते, कोणाची चांगली तल्लख असते. ही गोष्ट मी आज पोपटासारखी सांगतो आहे; त्या दिवशी मला ती ठाऊक नव्हती.

मी गेलो त्या संध्याकाळी आक्काने ट्रंकेतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. एका तपासणी शिबिरात मुलीची परीक्षा झाली होती, तिचा तो निकाल. हिंदीतल्या त्या कागदाचा सारांश असा की मुलीला बोलता येत नाही आणि समज अत्यल्प आहे. आक्का म्हणाली, "भाऊ, तू मास्तर हायस. तूच सांग, हे खरं हाय का? मले तर वाटते तिले सारं समजते."

मी मुलीकडे पाहिले. खुर्चीत उशांच्या आधाराने बसविलेली, मान एका बाजूला, हात आखडलेले. तिने माझ्याकडे पाहिले आणि मग दाराकडे पाहिले. मी कागद घडी करून परत दिला आणि कागदाच्याच बाजूने मनातल्या मनात मत दिले. आजीचे प्रेम आहे, आजीला तसे वाटणारच, असे मी स्वतःशी म्हटले.

दुसऱ्या दिवशी लग्नाची आमंत्रणे देण्यासाठी आम्ही सौसरला गेलो. सौसर तेथून साधारण तासाभराच्या वाटेवर. जामसावळीच्या निद्रिस्त मारुतीसाठी नागपूरपासून माणसे येतात, ते याच बाजूला. मुलीचे आजोळ सौसरचे, म्हणून ती आणि तिची आईही बरोबर होत्या. घरात पाऊल ठेवताच एक दहा-अकरा वर्षांची मामेबहीण धावत आली, जमिनीवर फतकल मारून खुर्चीसमोर बसली आणि तिने प्रश्नांची सरबत्ती सुरू केली.

"काही सांगायचं हाय? ... माणसाबद्दल? ... आपल्यातलं? ... नाई? पाहुणं? ... हे आजोबा?"

प्रत्येक प्रश्नानंतर ती थांबत होती. मुलगी कधी डोळे वर छताकडे नेई, कधी घट्ट मिटून घेई. वर म्हणजे होय, मिटले म्हणजे नाही. ही खूण त्या दोघींनी आपसात ठरविली होती. "आजोबानं काही केलं? ... दिवसा? ... रात्री?" येथवर आल्यावर मामेबहिणीने एकाएकी नाकाने घर्रर्र असा आवाज काढला. खुर्चीतली मुलगी सर्वांगाने हसली. इंदूरचे आजोबा रात्री घोरतात, ही बातमी तिने पांढुर्ण्याहून सौसरला आणली होती.

घरभर हशा पिकला. मीही हसलो, पण आतून ओशाळलो. जिच्याविषयी आदल्या संध्याकाळी मी 'समज अत्यल्प' हे मत मनात कायम केले होते, तिने रात्रभर माझे ऐकले होते, त्यातली गंमत हेरली होती आणि ती सांगण्यासाठी योग्य माणूस भेटेपर्यंत लक्षात ठेवली होती. आक्का तर तोंडाला पदर लावून म्हणाली, "अवं माय, हिले एवढं सांगता येते?" तिला समजते एवढी आक्काची खात्री होती. तिला सांगताही येते, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

एकच मुलगी पांढुर्ण्यात मुकी होती आणि सौसरात बोलकी. मग शिबिरातल्या कागदाने मोजले ते काय?

हा प्रश्न घेऊन मी परत निघालो आणि पुढचे तीनचार महिने जे मिळेल ते वाचत राहिलो. आषाढात नागपूरहून एक वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ बाई दोनदा पांढुर्ण्याला आणि एकदा सौसरला आल्या. त्यांच्यामागे मी विद्यार्थ्यासारखा हिंडलो. जे पाहिले आणि वाचले ते येथे थोडक्यात देतो.

वाणी अपुरी पडते तेव्हा तिला जोड म्हणून, किंवा ती मुळीच नसेल तेव्हा तिच्या जागी, दुसरी साधने वापरणे यास पूरक व पर्यायी संवाद असे म्हणतात. डोळ्यांची खूण आणि हातवारे हे यातलेच. चित्रांचा तक्ता, अक्षरांची पाटी, दाबले असता बोलणारे यंत्र, हेही यातच येतात. या शास्त्राचे वय फार नाही. चार्ल्स ब्लिस नावाचे एक गृहस्थ १८९७ साली चेर्नोवित्स येथे जन्मले. हिटलरच्या छळातून सुटून ते शांघायला पोचले. तेथे चिनी लिपी पाहून, जगातल्या सर्व भाषांच्या लोकांना वाचता येतील अशा चिन्हांची कल्पना त्यांना सुचली, आणि १९४९ साली ऑस्ट्रेलियात त्यांनी त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. राष्ट्राराष्ट्रांतले गैरसमज मिटावेत हा त्यांचा हेतू. राष्ट्रांनी त्या चिन्हांकडे पाहिले नाही. पण १९७१ साली टोरांटोच्या एका केंद्रात शर्ली मॅकनॉटन या शिक्षिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ती चिन्हे न बोलणाऱ्या मुलांपुढे ठेवली, आणि ती मुले त्या चिन्हांनी बोलू लागली.

आपल्याकडे याच सुमारास, १९७२ साली, मिठू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्यांची मुलगी मालिनी चिब हिला सेरेब्रल पाल्सी. तिच्या बाबतीतही सुरुवातीला निराशेचेच निकाल ऐकावे लागले होते. तीच मालिनी पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकली, लंडनमध्ये तिने दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या, आणि एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. त्याचे नावही 'वन लिटल फिंगर' असेच आहे. कोलकात्यात सुधा कौल यांनी १९७४ साली अशीच संस्था सुरू केली आणि तिने चित्र-तक्त्यांच्या कामात मोठा वाटा उचलला. अलीकडे मुंबईच्या आय.आय.टी.तून जेलो आणि चेन्नईहून आवाज ही साधने निघाली आहेत. फोनच्या किंवा टॅब्लेटच्या पडद्यावरच्या चित्राला हात लावला की ती शब्द बोलतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येत पूरक व पर्यायी मार्ग घातले आहेत. तात्पर्य, साधने आली, कायदाही आला. पण कोणत्या मुलाला कोणते साधन द्यावे आणि त्याला आज किती बोलता येते, हे ठरवावे कसे? सगळे अडते ते येथेच.

नागपूरच्या बाईंनी पहिल्या दिवशी एकही परीक्षा घेतली नाही. त्या सकाळी आल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून राहिल्या. मुलीला कोण उठविते, कोण भरविते, कोण तिच्याशी बोलते, बोलल्यावर किती थांबते, हे त्या वहीत टिपत होत्या. दुपारी त्यांनी वही मला दाखविली. सकाळपासून घरातल्या माणसांनी मुलीशी पुष्कळ बोलणे केले होते. त्यातले बहुतेक हुकूम होते: आ कर, गीळ, मान सरळ कर. प्रश्न अगदी थोडे, आणि ज्यांचे उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक नाही असे प्रश्न त्याहून थोडे. एकदा आईने "पाणी पाहिजे?" असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता पेला ओठांना लावला. यात आईचा दोष नाही. तिच्या मागे चुलीपासून गोठ्यापर्यंतची कामे होती. पण बाई म्हणाल्या, "ज्या घरात विचारतच नाहीत, त्या घरात ही उत्तर देणार कशी? आधी संधी मोजायची, मग मूल मोजायचे." डेव्हिड ब्यूकेलमन आणि पॅट मिरेंडा या अभ्यासकांनी हेच सूत्र मांडले आहे. मुलाच्या अंगच्या अडचणी वेगळ्या आणि भोवतालच्या माणसांनी निर्माण केलेल्या अडचणी वेगळ्या. दोन्ही तपासल्याशिवाय निकाल देऊ नये.

दुसरी पायरी म्हणजे ऐकणाऱ्यांची यादी. सारा ब्लॅकस्टोन यांनी यासाठी एकात एक वर्तुळे काढण्याची पद्धत घातली. सर्वांत आत घरची माणसे, मग मित्र आणि आप्त, मग ओळखीचे शेजारी, मग शिक्षक-डॉक्टरांसारखे पगारी लोक, आणि शेवटी अनोळखी. प्रत्येक वर्तुळात मूल कोणाशी, कशाने, किती बोलते ते लिहायचे. या मुलीच्या कागदावर मित्रांच्या वर्तुळात एकच नाव आले, सौसरच्या मामेबहिणीचे. पण त्या एका नावाने अवघा निकाल फिरविला. बाई सौसरला गेल्या त्या याच कारणासाठी. तेथे त्यांनी मामेबहिणीला 'ताई' म्हणून संबोधिले आणि तिच्याकडून सगळ्या खुणा शिकून घेतल्या. तपासनीस बाई एका चिमुरड्या मुलीपुढे वही घेऊन बसल्या आहेत, हे दृश्य मी विसरणार नाही.

तिसरी पायरी पायऱ्यांचीच. ओरेगॉनच्या चॅरिटी रोलंड यांनी १९९० साली संवादाचा एक नकाशा तयार केला. त्यात सात पायऱ्या आहेत. तान्हे मूल नुसते रडते, त्याला काही सांगायचे नसते, अर्थ आपण लावतो, ही पहिली. दुसरीत त्याची हालचाल हेतूपूर्वक होते, पण ती दुसऱ्याला सांगण्यासाठी नसते. तिसरीत ते आपल्या अंगाने, ओढून-ढकलून दुसऱ्याला सांगू लागते. चौथीत बोट दाखविणे, मान हलविणे अशा सर्वांना कळणाऱ्या खुणा येतात. पाचवीत वस्तूसारखी दिसणारी चित्रे किंवा प्रतीके, सहावीत एकेक शब्द किंवा चिन्ह, आणि सातवीत शब्दाला शब्द जोडून वाक्य. शिवाय बोलण्याची चार कारणे या नकाशात आहेत: नाकारणे, मागणे, माणसांशी जवळीक साधणे, आणि माहिती देणे-घेणे. शब्द तोंडाचा असो, हाताचा असो, की डोळ्याने दाखविलेला असो, या नकाशाला सगळे सारखेच. घोरण्याची बातमी मी या नकाशावर ठेवून पाहिली. ती माहितीही होती आणि जवळीकही होती.

आता त्या पहिल्या परीक्षेचे कोडेही उलगडले. शिबिरात चित्रे मांडून तिला विचारले होते, 'धनिया दिखाओ', 'मूंगफली दिखाओ'. एक तर हाताने दाखविणे तिला शक्य नाही. दुसरे, तिच्या घरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि भुईमुगाच्या शेंगेला फल्ली. पुण्याच्या मराठीत विचारले असते तरी ती अडखळली असती. शाळेत ती फारशी गेलेली नाही, तेव्हा हिंदी तिच्या कानावर पडलेली, पण अंगवळणी नाही. आणि ती दाराकडे का पाहत होती? दाराबाहेर तिचे बाबा उभे होते. मी पहिल्या संध्याकाळी भेटलो तेव्हाही तिने दाराकडेच पाहिले होते. बाबांची बगीच्यातून येण्याची ती वेळ. तपासनिसापुढे त्या दिवशी मोठी रांग असणार, त्याच्या वाट्याला वीसेक मिनिटे आली असतील. त्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. मी तर बिनरांगेचा, पाहुणचार घेत बसलेला परीक्षक होतो, आणि मीही तेच गुण दिले.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग आजीचेच म्हणणे खरे धरावे आणि मुलीला सारे समजते असे लिहून टाकावे. तसे केल्यास दुसऱ्या बाजूची चूक होते, आणि ती पहिलीपेक्षा कमी घातक नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत न बोलणाऱ्या मुलांचा हात धरून त्यांच्याकडून अक्षरे टंकविण्याची एक टूम निघाली. मुले लांबलांब पत्रे लिहू लागली, आईबापांच्या डोळ्यांत पाणी आले. मग काही संशोधकांनी साधी युक्ती केली. मुलाला एक चित्र दाखविले आणि हात धरणाऱ्याला दुसरेच. टंकून आले ते हात धरणाऱ्याने पाहिलेल्या चित्राचे नाव! शब्द मुलाचे नव्हतेच. मदतनिसाने ही फसवणूक जाणूनबुजून केलेली नव्हती. त्याला स्वतःलाही ते कळत नव्हते. मायेच्या पोटी आपण दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालतो आणि ते त्याचेच समजतो.

म्हणून नागपूरच्या बाईंनी आईला आणि आक्काला अंगणात पाठविले. मग मुलीला एक वस्तू दाखविली, ती झाकली, आणि आत येणाऱ्या आईला मुलीकडून ती ओळखायला लावली. यासाठी पारदर्शक प्लास्टिकची एक चौकट होती. चार कोपऱ्यांत चार चित्रे, मधे मोकळी जागा. समोरचा माणूस त्या जागेतून मुलीचे डोळे पाहतो आणि ती कोणत्या कोपऱ्याकडे पाहते ते ओळखतो. पहिल्या खेपेस बहुतेक उत्तरे चुकली. आक्काचा चेहरा उतरला. बाईंनी मात्र चुका कोणत्या कोपऱ्यात पडल्या ते पाहिले. सगळ्या खालच्या डाव्या बाजूला होत्या. मान उजवीकडे कलल्यामुळे तिची नजर तेथे पोचत नव्हती. मान सरळ राहील अशी उशी बसविली, चौकट थोडी वर धरली, आणि प्रत्येक प्रश्नानंतर मनात दहा अंक मोजण्याचा नियम केला. दुसऱ्या खेपेस तिने दहातली आठ उत्तरे बरोबर दिली. मग बाईंनी गंभीर मुद्रेने विचारले, "तुझं नाव गणपत आहे?" मुलीने डोळे घट्ट मिटले आणि खुदकन हसली. होय-नाहीवर भरवसा ठेवता येतो, हे ठरले.

ॲन डोनेलन यांनी १९८४ साली एक सूत्र सांगितले: खात्रीलायक पुरावा नसेल तेव्हा असे गृहीत धरावे, की जे चूक ठरले तरी मुलाचे सर्वांत कमी नुकसान होईल. समजते असे धरून आपण शिकविले आणि त्याला समजत नसले, तर आपले थोडे श्रम वाया गेले. समजत नाही असे धरून गप्प बसलो आणि त्याला समजत असले, तर त्याचे आयुष्य गेले. माझ्या तीस वर्षांत हे सूत्र मला कोणी सांगितले असते तर किती बरे झाले असते!

सौसरच्या होय-नाहीच्या खेळालाही एक मर्यादा आहे, तीही बाईंनी दाखविली. त्या खेळात मुलगी एवढेच सांगू शकते, जेवढे विचारायला समोरच्याला सुचते. तिला स्वतःचे शब्द हवेत. म्हणून तक्ता झाला. त्यावर आधी 'पाणी', 'भूक', 'संडास' ही चित्रे ठेवावीत असे आम्हा सर्वांचे मत पडले. बाईंनी ती ठेवली, पण त्यांच्याबरोबर 'मी', 'तू', 'नको', 'आणखी', 'चल', 'थांब', 'दुखते' हे शब्दही घातले, कारण अशा थोड्या शब्दांवर रोजचे पुष्कळ बोलणे भागते. आणि एका चौकोनात लिहिले: 'वेगळंच काही'. ऐकणारा चुकीच्या वाटेने निघाला तर त्याला परत फिरविण्यासाठी हा शब्द. मग गावाचे शब्द आले: संत्रा, बगीचा, पोळा, सांबार, फल्ली, गोटमार. तयार मिळणाऱ्या तक्त्यांत गोटमार कोठून असणार?

गोटमार म्हणजे पांढुर्ण्याची ती प्रसिद्ध जत्रा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव; दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो आणि जो ते झाड काढून आणील त्याची जीत. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. कित्येकांचे प्राणही गेले आहेत. तरी त्या दिवशी गावात दुसरा विषय नसतो.

२०२४ च्या पोळ्याला मी पुन्हा पांढुर्ण्याला होतो. गोटमारीच्या सकाळी मुलीचे बाबा डोक्याला फडके बांधून निघाले. ते उंबऱ्यापाशी पोचले तोच मुलीने घशातून आवाज काढला. आईने तक्ता धरला. मुलीने पाहिले: 'बाबा'. मग 'गोटमार'. मग 'नको'.

घर एकदम स्तब्ध झाले. आक्काच्या डोळ्यांत पाणी आले. "पाह्यलं? बापाले जाऊ नको म्हंते माही पोट्टी." मलाही भरून आले, इंदूरला परतल्यावर सांगण्यासारखी गोष्ट मिळाली, असेही वाटून गेले. बाबा फडके सोडू लागले.

पण सून आता शिकली होती. ती खाली बसली आणि म्हणाली, "बाबानं जाऊ नये?" मुलीने डोळे मिटले. नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिले. "मग?" आईने तक्ता पुन्हा धरला आणि मनात आकडे मोजीत थांबली. मुलीची नजर फिरत फिरत 'वेगळंच काही' वर गेली. मग 'मी'. मग, पुष्कळ वेळाने, 'चल'.

बाबांनी एकट्याने जाऊ नये, मलाही न्यावे, एवढेच तिचे म्हणणे होते. नऊ वर्षे ती घरात बसून तो गलका ऐकत होती. तिच्या वयाच्या साऱ्या मुलांनी गोटमार पाहिली होती, आणि तिला ती पाहायची असेल हे कोणाच्या मनात आले नव्हते. आम्ही तिच्या तोंडी किती सुंदर वाक्य घातले होते! ते आमचे होते. तिचे साधे होते, आणि नऊ वर्षांच्या कोणत्याही पांढुर्णेकर मुलीचे असावे तसेच होते.

नदीपासून बऱ्यापैकी मागे एका आप्ताची माडी आहे, जेथे दगड पोचत नाहीत. बाबांनी मुलीला कडेवर घेऊन तेथे नेले आणि दिवसभर खिडकीपाशी धरून ठेवले. त्या वर्षी ते नदीकाठी गेले नाहीत, कारण त्यांचे दोन्ही हात गुंतले होते. आक्का मात्र दोन दिवस सांगत होती, की पोरीने बापाला वाचविले. मी काही बोललो नाही.

पुढे बाईंचा अहवाल आला. तो जुन्या कागदापेक्षा लांब आहे. त्यात मुलीला काय येते ते आहेच: होय-नाही भरवशाचे, चित्रे ओळखते, दोन-तीन शब्द जोडू लागली आहे. पण अर्धा अहवाल आमच्याविषयी आहे. आईने प्रश्न विचारून थांबावे. बाबांनी संध्याकाळी दिवसभराची एक गोष्ट सांगावी आणि एक विचारावी. शाळेने प्रश्नाची चार उत्तरे चौकटीत मांडून द्यावीत. आजीने उत्तर सांगून टाकू नये. दर सहा महिन्यांनी तक्त्यावरचे शब्द बदलावेत, कारण मूल वाढते आणि त्याचे बोलणेही वाढते. आणि ही परीक्षा एकदाच घेऊन संपत नाही, असे शेवटी लिहिले आहे.

मी निघण्याच्या दिवशी तक्त्यावर एक चौकोन रिकामा होता. तेथे कोणता शब्द हवा ते मुलीनेच सांगावे असे ठरले होते. पोळ्यासाठी आलेली मामेबहीण समोर बसून विचारीत गेली, आणि बऱ्याच वेळाने दोघी एकदम हसू लागल्या. मग मामेबहिणीने रंगीत खडूने चित्र काढून त्या चौकोनात चिकटविले. एक टक्कल पडलेला म्हातारा गादीवर उताणा पडला आहे आणि त्याचे तोंड उघडे आहे. चित्राखाली काही लिहिलेले नाही. त्या घरात ते सर्वांना वाचता येते.